कऱ्हाडहून मलकापूरला, पण पुण्यावरून

तार जुळली का? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. चार डिस्कच्या जुन्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या बॉक्सवर, ११ टीबी काम साठलंय. तो भरत आला म्हणून दिवाळीत दुसऱ्या कंपनीचा नवा नॅस घेतला. लॅपटॉपवर दोन्हीच्या विंडो उघडल्या, सगळं सिलेक्ट केलं आणि इकडून तिकडे ओढलं. दोन दिवसांत दीड टीबी गेलं, आणि अजून बारा दिवस लागतील असं दाखवतंय. मधे एकदा लाईट गेली, तेव्हापासून काय गेलं नि काय राहिलं याचाही पत्ता नाही. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू. जुन्यातल्या डिस्क काढून सरळ नव्यात घातल्या तर चालेल का? की १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड घेऊ?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : आधी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. पाटीलांचं लग्न पहिल्या डिस्कवर आणि शिंद्यांचं दुसऱ्या, असं नॅसमध्ये नसतं. एकेका फाइलचे तुकडे चारही डिस्कवर पसरलेले असतात, आणि ते कसे मांडायचे ही ज्या त्या कंपनीची रीत. दुसऱ्या कंपनीचा बॉक्स या डिस्क बघून एवढंच विचारणार की ‘इनिशिअलाइज’ करू का, आणि सीझनच्या घाईत कुणीतरी ‘यस’ दाबणार. मग अकरा टीबींना हात जोडायचे. दोन्ही बॉक्स एकाच कंपनीचे असते तर मी हाच उपाय सगळ्यात आधी सांगितला असता. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या नॅस बनवणाऱ्या कंपन्या, दोघींकडेही ठरावीक मॉडेलांमध्ये डिस्क त्याच क्रमाने उचलून नव्यात बसवायची सोय आहे. तुमचं तसं नाही, तेव्हा हा विषय इथेच संपला.

आता ते बारा दिवस. तुम्ही लॅपटॉपवरून ओढता तेव्हा प्रत्येक फोटो जुन्या नॅसमधून निघतो, राउटरमध्ये येतो, तिथून हवेतून लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप त्याच पावली तो परत हवेतून राउटरकडे धाडतो आणि राउटर नव्या नॅसकडे. दोन्ही बॉक्स एकाच कपाटावर शेजारी शेजारी बसलेत ना? म्हणजे कऱ्हाडहून शेजारच्या मलकापूरला जायला तुम्ही पुण्याची एसटी पकडलीत. त्यात वायफायवर येणं आणि जाणं एकाच वेळी होत नाही, हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोन दिवसांत दीड टीबी म्हणजे सेकंदाला नऊ एमबीच्याही खाली. यात दोष ना जुन्या नॅसचा, ना नव्याचा.

साधी गिगाबिटची वायर सेकंदाला १२५ एमबी वाहून नेते, हमाली वजा जाता ११० हातात पडतात. तुमचे उरलेले साडेनऊ टीबी भागिले ११० एमबी करून बघा. चोवीस तास येतात. आज संध्याकाळी लावलं तर उद्या संध्याकाळी संपलं, आणि कार्ड-बिर्ड काही घ्यावं लागलं नाही.

कसं करायचं ते सांगते. तुमच्या बॉक्सच्या पाठीमागे बहुधा दोन दोन नेटवर्क पोर्ट आहेत. पहिला राउटरला जोडलेला आहे तसाच राहू दे, नाहीतर सेटिंगचं पान उघडायला जागा उरणार नाही. दुसऱ्या पोर्टमधून एक वायर काढून सरळ दुसऱ्या बॉक्सच्या दुसऱ्या पोर्टमध्ये. स्विच नको, राउटर नको. पूर्वी अशा जोडणीला ‘क्रॉस केबल’ लागायची, जुने इंजिनिअर आजही तसं सांगतील. गिगाबिट पोर्टला लागत नाही, तो स्वतःच आतले धागे ओळखून घेतो. मग जुन्याच्या दुसऱ्या पोर्टला १०.१०.१०.१ आणि नव्याच्या दुसऱ्या पोर्टला १०.१०.१०.२ हा पत्ता हाताने द्या. मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. घरातल्या राउटरची पत्त्यांची मालिका वेगळी असली पाहिजे, ती साधारणपणे १९२.१६८ पासून सुरू होते, त्यामुळे टक्कर होणार नाही. यापुढे नव्याला सांगायचं की जुना १०.१०.१०.१ वर भेटेल. राउटरवरचा पत्ता दिलात तर माल जुन्याच वाटेने जाईल आणि ही वायर नुसती लोंबत राहील. हे मी तीनदा तरी पाहिलंय.

वायर जोडल्यावर वेग किती ठरला ते सेटिंगमध्ये बघा. तिथे १००० दिसलं पाहिजे. १०० दिसलं तर बॉक्सला शिव्या देण्याआधी वायर बदला. वायरीत आठ धागे असतात, चार जोड्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. बाकीच्या दोन जोड्यांतला धागा तुटला तरी जोडणी बंद पडत नाही, निमूटपणे १०० वर उतरते आणि दिवा मात्र लुकलुकतच राहतो. गेल्या पावसाळ्यात नाशिकला एका ऑफिसात हाच खेळ झाला. नवा नॅस परत करायची भाषा चालली होती. मी पडद्यावर कॉपीचा आकडा बघितला. ११.३, ११.४, पुन्हा ११.३. डिस्क दमली की आकडा वरखाली नाचतो. असा एका जागी खिळलेला अकराचा आकडा म्हणजे १०० मेगाबिट, दुसरं काही नाही. टेबलाखाली वाकले तर गोदरेजच्या कपाटाचा पाय वायरीवर, आणि वायर तिथे पापडासारखी चपटी. बदलली. आकडा ११२. त्या दिवसापासून पिशवीत दोन चांगल्या, कंपनीतून बांधून आलेल्या वायरी ठेवते. चिमट्याने स्वतः बांधलेली ठेवत नाही, मला माझाही भरवसा नाही.

१० गिगाबिट कार्डाबद्दल. एक फिरती डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५०-२०० एमबी देते, चार मिळून दोन-तीन पट, तरी १० गिगाबिटची वायर अर्धीही भरत नाही. एकदाच्या स्थलांतरासाठी कार्ड, त्याच्या जोडीचं दुसरं कार्ड आणि वायर एवढा खर्च करण्यात मला राम दिसत नाही, आणि तुमच्या जुन्या बॉक्समध्ये कार्डाची खाच आहे का हेही आधी उलटून बघा. दोन्हीकडे अडीच गिगाबिटचे पोर्ट निघाले तर मात्र चांदी आहे. साधी कॅट-५ई वायर चालते आणि २८० एमबीच्या वेगाने साडेनऊ टीबी साडेनऊ तासांत पार. एका बाजूला अडीच आणि दुसरीकडे एक असेल तर वेग एकचाच. आणि दोन वायरी एकत्र बांधून दुप्पट वेग मिळतो असं दुकानदार सांगेल. एका कामाचा प्रवाह एकाच वायरीने जातो, दुसरी रिकामी बसते. दहा माणसं एकदम काम करतात तिथे तो उपाय, तुमच्याकडे नाही.

रस्ता झाला, आता गाडी. लॅपटॉप बाजूला ठेवा, काम बॉक्सच्या आतूनच चालवायचं. त्यासाठी आरसिंक नावाचं जुनं, खमकं हत्यार आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये काढलं, आजही बहुतेक प्रत्येक नॅसच्या पोटात आहे. तुमच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण एकच. लाईट गेली, काम तुटलं, पुन्हा चालू केलंत तर तिकडे पोहोचलेल्या फाइलींना तो हात लावत नाही, राहिलेल्याच घेतो. तुमचे दीड टीबीही वाया जाणार नाहीत, फक्त ते ज्या फोल्डरमध्ये गेलेत तोच मुक्काम द्या. जिथे लाईट गेली ती अर्धवट फाइल आकाराने किंवा तारखेने जुळणार नाही, ती तो स्वतःहून पुन्हा घेईल. सिनॉलॉजीत फाइल सर्व्हिसेसमध्ये आरसिंकची खूण करायची, क्यूनॅपमध्ये हायब्रिड बॅकअप सिंकमधून. जुन्याने दार उघडून ठेवायचं आणि नव्याने ओढून घ्यायचं, असं मी करते. नव्याचा प्रोसेसर तगडा असतो.

यात एक पेच आहे. आरसिंक दोन प्रकारे चालतो. एसएसएच नावाच्या सुरक्षित जोडणीतून चालवला तर प्रत्येक बाइट कुलूपबंद होऊन जातो, आणि जुन्या बॉक्सचा प्रोसेसर कुलपं लावता लावताच घामाघूम होतो. वेग ३०-४० वर आला आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर अडकला की समजा कुलपाचाच भार आहे. आरसिंकची स्वतःची सेवा, ८७३ नंबरच्या पोर्टवरची, बिनकुलपाची आहे. इंटरनेटवर ती वापरू नका. पण तुमची वायर एका बॉक्समधून निघून वीतभर लांबच्या दुसऱ्या बॉक्समध्ये शिरते, मधे चोर शिरायला जागाच नाही. तिथे बिनधास्त वापरा.

पहिल्यांदा ‘ड्राय-रन’ करा, म्हणजे तो काय करणार ते नुसतं बोलून दाखवतो. आणि ‘डिलीट’ हा पर्याय लावूच नका. दहा वर्षांपूर्वी एका वकिलांच्या ऑफिसात मी उगम आणि मुक्काम उलटे लिहिले, वर डिलीट लावला. कोरा बॉक्स उगम झाला, आणि आरसिंक आज्ञाधारक मुलासारखा भरलेला बॉक्स कोऱ्यासारखा करायला बसला. पडद्यावर फाइलींची नावं सरसर जाताना बघून मला आधी बरंच वाटलं, किती वेगात चाललंय म्हणून. मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘डिलीटिंग’ दिसलं. बॅकअप होता म्हणून आज हे सदर लिहितेय. उगमाच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या तिरक्या रेघेकडेही लक्ष ठेवा. रेघ असली तर फोल्डरच्या आतला माल जातो, नसली तर फोल्डरसकट जातो. हे चुकलं की ‘लग्न’च्या आत पुन्हा ‘लग्न’ सापडतं.

वेग खाणारी खरी गोष्ट तुमच्याकडे वेगळीच असणार. व्हिडिओची ३० जीबीची एक फाइल वायरीवरून सुसाट जाते. पण लाइटरूम या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगशेजारी प्रिव्ह्यूचं फोल्डर असतं, त्यात लाखांनी चिल्लर फाइली. प्रत्येकीसाठी उघड, नाव लिही, तारीख लिही, परवानगी लिही, बंद कर, एवढे सोपस्कार. फाइल ४० केबीची असो की ४० जीबीची, सोपस्कार तेवढेच. दहाच्या नोटांनी घराचे पैसे मोजण्यासारखं. तो सगळा प्रिव्ह्यूचा कचरा नेऊच नका, लाइटरूम तो फोटोंवरून पुन्हा बनवतो. मात्र कॅटलॉगची मुख्य फाइल न विसरता न्या, तुमचं सगळं एडिटिंग तिच्यात असतं. रिसायकलचं फोल्डरही वगळा. एका फोटोग्राफरच्या रिसायकलमध्ये मला ६०० जीबी सापडले होते, तीन वर्षांपूर्वी नाकारलेल्या नवऱ्यांसकट. सिनॉलॉजी असेल तर प्रत्येक फोल्डरमध्ये ‘ईएडिर’ नावाचा लपलेला कप्पा असतो. त्यात नॅसने स्वतःसाठी काढलेली लहान चित्रं असतात, तीही नकोत.

एवढं करूनही चिल्लर उरलीच, तर ती आधी जुन्यावरच एका टार फाइलमध्ये बांधा आणि ते एकच गाठोडं न्या.

सुरू करण्याआधी नव्या बॉक्सकडे एकदा बघा. डिस्क घातल्यावर तो आतल्या आत रेडची, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून एक साठा करण्याची, जुळणी करत असतो, त्याला कित्येक तास लागतात. ती संपू द्या. फोटो ओळखणं, इंडेक्सिंग, व्हायरस तपासणी हे सगळं बंद ठेवा. नव्या डिस्क एसएमआर प्रकारच्या नाहीत ना, हेही मॉडेल नंबरवरून तपासा. त्या प्रकारात पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. पहिले काही जीबी झपाट्याने लिहिले जातात आणि मग वेग जो कोसळतो तो वर येत नाही. आणि दोन्ही बॉक्स यूपीएसवर. लाईट तुमच्या सीझनला थांबणार नाही.

झालं की एकदा चेकसमसहित, म्हणजे फाइलीच्या आतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा जुळवत, आरसिंक पुन्हा चालवा. दोन्हीकडची प्रत्येक फाइल पहिल्यापासून वाचून तो पडताळतो, त्यालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. तो रात्रीचा चालू दे. जुना नॅस लगेच विकायला काढू नका, निदान या सीझनपुरता माळ्यावर ठेवा.


प्रश्न : आमच्या वाचनालयात जुन्या अंकांचं स्कॅनिंग चालू आहे. विंडोजच्या संगणकावरून नॅसवर कॉपी करताना २१४ फाइलींनी ‘नाव फार मोठं आहे’ म्हणून नकार दिला. संगणकावर त्याच फाइली नीट उघडतात. दुसरं म्हणजे, एका कार्यकर्त्याच्या जुन्या मॅकवरून माल घेतला, तेव्हापासून ‘कऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर दिसतात, अक्षर न अक्षर सारखे. असं कसं?
— एक कार्यकर्ती, सातारा जिल्हा

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला, कारण इंग्रजीत नावं ठेवणाऱ्यांना हे दुखणं सहसा होतच नाही.

विंडोज नावाची लांबी चिन्हांनी मोजतं, २५५ पर्यंत. नॅसच्या आत विंडोजऐवजी लिनक्स असतो, तो २५५ बाइट मोजतो. रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे तुमच्या वाट्याला ८५ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘कृष्णामाई’ म्हणताना आपण चार अक्षरं म्हणतो. संगणक मोजतो क, ऋकाराची खूण, ष, पाय मोडल्याची खूण, ण, काना, म, काना, ई. झाली नऊ चिन्हं, २७ बाइट. ‘१९२७’ हे साल देवनागरीत १२ बाइट खातं, रोमन आकड्यांत चार. नॅसवरचं फोल्डर कूटबद्ध करून ठेवलं असेल तर आणखी आखडतं. सिनॉलॉजीच्या तशा फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइटची आहे, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं.

ही मर्यादा प्रत्येक नावाला वेगळी असते. त्यामुळे मासिकाचं नाव, वर्ष, महिना आणि लेखाची माहिती एकाच फाइलीच्या नावात कोंबण्याऐवजी फोल्डरांत वाटून टाका. मासिकाचं फोल्डर, त्यात वर्षाचं, त्यात अंकाचं, आणि आत फाइलीला फक्त पान क्रमांक. लेखाचं शीर्षक नि लेखकाचं नाव एका एक्सेलच्या तक्त्यात. नावं कॉपी करण्याआधीच बदला, त्या २१४ फाइली हाताने शोधत बसू नका. एक्सेलमध्ये नावांची यादी घेऊन चिन्हं मोजायचं सूत्र लावलं की ८० च्या वरची पाच मिनिटांत वेगळी होतात.

‘कऱ्हाड’ची गंमत तो ऱ करतो. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या क्रमांक-यादीत, दोन रीतींनी लिहिता येतं. एक, ऱ हे अख्खं एकच चिन्ह. दोन, साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे टिंब. डोळ्यांना फरक नाही, संगणकाला ती दोन निराळी नावं. जुन्या मॅकची डिस्क, एचएफएस प्लस पद्धतीची, नाव साठवतानाच या अक्षराचे दोन भाग करून ठेवते. विंडोजवर आपण टंकतो तेव्हा बहुतेक कीबोर्ड अख्खं चिन्ह देतात. त्यामुळे तुमच्याकडे एक विंडोजचं कऱ्हाड आहे आणि एक मॅकचं. ‘शेतकऱ्यांचा’, ‘सह्याद्रीच्या दऱ्या’, असलं काही असेल तिथेही हे झालं असणार, शोधा. ‘पुणे’ नि ‘सातारा’ मात्र सुखरूप असतील.

पुढच्या वेळी मॅकवरून घेताना आरसिंकच्या ‘आयकॉन्व्ह’ पर्यायात मॅकची बाजू ‘यूटीएफ-८-मॅक’ आणि नॅसची ‘यूटीएफ-८’ सांगा, तो वाटेतच नावं जुळवतो. त्यासाठी आरसिंक ३.० किंवा त्यापुढचा लागतो, मॅकसोबत वर्षानुवर्षं त्याआधीचाच येत असे. आता जे दोन फोल्डर झालेत त्यातलं एक लगेच पुसू नका. दोन्हींतल्या फाइलींची संख्या आधी पडताळा. एकात मॅकवाल्याने केलेलं जास्तीचं स्कॅनिंग असू शकतं.


प्रश्न : पुण्यातल्या घरच्या नॅसवर ६ टीबी आहेत, सगळे कौटुंबिक व्हिडिओ आणि वडिलांच्या गाण्याची रेकॉर्डिंग्ज. मुलाने न्यू जर्सीत तसाच नॅस घेतलाय. इंटरनेटवरून लवकरात लवकर कसं पाठवू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : इंटरनेटवरून पाठवू नका. तुमच्या लाइनीचा अपलोड ५० मेगाबिट धरला, तर रात्रंदिवस न अडखळता चालला तरी अकरा दिवस. आणि तो अडखळणार.

कृष्णविवराचं पहिलं चित्र आठवतं का, एप्रिल २०१९ मध्ये आलेलं? त्यासाठी जगभरच्या दुर्बिणींनी एप्रिल २०१७ मध्ये निरीक्षणं घेतली आणि त्या हजारो टीबींच्या डिस्क चक्क विमानाने अमेरिकेत आणि जर्मनीत नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपून विमानं उतरेपर्यंत अडकून पडल्या होत्या. ज्यांच्याकडे जगातलं उत्तम नेटवर्क आहे त्यांनीही सामान हातानेच नेलं.

८ टीबीच्या दोन डिस्क घ्या, दोन्हींवर तेच सगळं भरा. नॅसच्या यूएसबी पोर्टला लावूनच कॉपी करा, मधे लॅपटॉप नको. डिस्कला पासवर्डचं कुलूप घाला आणि पासवर्ड मुलाला फोनवर सांगा, डिस्कवर चिठ्ठी चिकटवू नका. सामान चेक-इन करताना त्या त्यात टाकायच्या नाहीत, हातातल्या पिशवीत न्यायच्या. शक्यतो दोन वेगवेगळ्या माणसांबरोबर. मुलाने त्या तिकडच्या नॅसवर उतरवल्या की मग दोन्ही बॉक्समध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची कुलूपबंद खासगी वाट, आणि आरसिंक जोडून द्या. महिन्याला जे नवं भर पडेल, दहा-वीस जीबी, ते रात्रीत आपोआप जाईल.

पहिल्या फेरीला कोण जाणार एवढं ठरवा. दिवाळीला आलेलं कुणी ना कुणी परत निघतच असेल.